दांडगाई, बालकांतील

समवयस्क वा थोड्या मोठ्या मुलांनी एखाद्या दुबळ्या मुलास हेतुपुरस्सर व वारंवार दिलेला त्रास. हेतू, पुनरावृत्ती आणि बलाची विषमता ही तिची तीन लक्षणे डॅन ऑल्व्हेउस या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनामुळे रूढ झाली. त्याचा या विषयावरील पहिला ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला व १९८३ मध्ये नॉर्वेत दांडगाईविरुद्ध देशव्यापी मोहीम हाती घेण्यात आली. येथे बल म्हणजे केवळ अंगबळ नव्हे. वय, संख्या, जात, घरची सुबत्ता वा बोलण्याची ढब यांमुळेही एक मूल दुसऱ्यावर वरचढ ठरते.

तीन ते आठ वर्षांच्या मुलांत ही लक्षणे पारखणे अवघड असते. मारामारी दिसली की दांडगाई झाली, असे मोठी माणसे मानतात. कोल्हापूरसारख्या कुस्तीप्रिय नगरात तर मुलांची झोंबाझोंबी नित्याचीच होय. परंतु कुस्तीत तोलामोलाची जोड लावतात, आणि खेळातल्या झोंबीतही आता वर असलेला मुलगा थोड्या वेळाने आपण होऊन खाली येतो. चेहरे हसरे असतात व खेळ संपल्यावर मुले एकत्रच राहतात. दांडगाईत जोडच नसते. लपंडावात राज्य फिरते असते. एकाच मुलावर रोज राज्य आणून त्याला पिदविले जात असेल, तर तो खेळ उरत नाही. लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून सवलत देणे हा समजूतदारपणा आहे. बरोबरीच्या मुलास कायमचा कच्चा लिंबू ठरविणे हा अवमान होय.

ढकलणे, चिमटे काढणे, डबा वा खोडरबर हिसकावणे हे शारीरिक प्रकार, तर व्यंगावरून नाव पाडणे, धमकावणे हे वाचिक प्रकार लवकर लक्षात येतात. तिसरा प्रकार मात्र बहुधा नजरेतून सुटतो. ‘तिच्याशी बोललीस तर कट्टी’ अशा धाकाने एखाद्या मुलीस एकटे पाडले जाते. अंगावर वळ उठत नाही आणि तक्रार करावी असे काही घडल्याचेही दिसत नाही. निकी क्रिक व जेनिफर ग्रोटपीटर यांनी १९९५ मध्ये या नातेसंबंधी आक्रमकतेचा अभ्यास मांडला. पुढे ती शिशुशाळांतही आढळून आली. दोन दिवसांची कट्टी हा बालपणाचा भागच असतो. सगळ्या वर्गाने आठवडेच्या आठवडे धरलेली कट्टी ही त्याहून सर्वस्वी निराळी गोष्ट आहे.

कोणाला वगळावयाचे, हे मुले पुष्कळदा मोठ्यांकडून शिकतात. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. कोल्हापूर संस्थानात शाहू छत्रपतींनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा आदेश काढला. अशा आदेशाने वर्गातील बैठक बदलता येते. मधल्या सुटीत कोण कोणाशेजारी डबा उघडतो, तेथवर तो पोहोचणे कठीण.

सकाळी शाळेच्या वेळी होणारी पोटदुखी, वस्तू वारंवार हरविणे, शाळेतील स्वच्छतागृह टाळणे, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, ही संभाव्य चिन्हे होत. त्यांतील प्रत्येकास दुसरे कारण असू शकते. म्हणून एकाच चिन्हावरून निष्कर्ष काढू नये. ‘तुला कोणी त्रास देते का?’ या प्रश्नास लहान मूल सहसा ‘नाही’ म्हणते. ‘आज कोणाबरोबर खेळलास?’ या प्रश्नाचे चार-आठ दिवसांचे उत्तर अधिक बोलके असते.

पाहणारी मुले बहुधा गप्प राहतात. तथापि कॅनडातील शालेय पटांगणांवरील चित्रीकरणाच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बरोबरीच्या मुलाने मध्ये पडताच निम्म्याहून अधिक प्रसंगी दांडगाई दहा सेकंदांच्या आत थांबल्याचे दिसून आले.