विजेच्या सायकलीचे वजन
(नभोवाणीवरील भाषण)



विजेवर चालणारी सायकल घ्यावयास निघालेला मनुष्य दुकानात दोन प्रश्न हटकून विचारतो : बॅटरी एकदा भरली की किती किलोमीटर जाईल, आणि किंमत काय? वजनाचा प्रश्न बहुधा निघतच नाही. निघालाच, तर विक्रेता हसून म्हणतो, "मोटार आहे ना, मग वजनाची काळजी कशाला?" हे उत्तर अर्धे खरे आहे.

आपली नेहमीची काळी, दणकट सायकल सुमारे २० किलो भरते. विजेच्या सायकली बहुधा २० ते २५ किलोंच्या असतात. त्याहून पुष्कळ हलक्याही मिळतात, पण त्यांचे मोल अधिक. समजा, स्वार, सायकल व सामान मिळून १०० किलो भार आहे आणि वेग ताशी २० किलोमीटर. सपाट रस्त्यावर शक्तीचा मोठा वाटा वारा कापण्यात खर्च होतो, आणि वाऱ्याला वजनाशी कर्तव्य नाही. सायकल ८ किलोंनी हलकी घेतली, तर वाचतात जेमतेम ३ वॅट. बडोद्यासारख्या सपाट शहरात कचेरीला जाणाऱ्याने केवळ वेगाच्या वा अंतराच्या आशेने यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

चढणीवर गोष्ट बदलते. दर १०० मीटरला ५ मीटर चढणारा रस्ता ताशी १५ किलोमीटर वेगाने चढावयाचा, तर तो भार वर नेण्यासच २०० वॅटहून थोडी अधिक शक्ती लागते. आपल्याकडे ज्या विजेच्या सायकलीला परवाना वा नोंदणी लागत नाही, तिची मोटार २५० वॅटच्या आतली असते. तेव्हा पणजीच्या आल्तिनोची चढण लागली की मोटारीपाशी फारसे शिल्लक उरत नाही, पाय मारावेच लागतात. तरीही ८ किलोंनी पडणारा फरक १६ वॅटांचा, म्हणजे शेकडा ८ इतकाच. स्वाराने स्वतःचे वजन घटविले तरी तेवढाच लाभ होईल. पण हे गिऱ्हाइकाला सांगण्याची सोय कोणत्या दुकानदाराला आहे?

वजन खरे जाणवते ते सायकलीवरून उतरल्यानंतर. २५ किलो म्हणजे तांदळाची एक गोणी. गोणी निदान खांद्यावर बसते. सायकलीचे दांडे, पेडल आणि हँडल वाटेत कठड्याला अडकतात. जिन्याखाली जागा नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या परिचारिकेला रात्रपाळीहून परतल्यावर ही गोणी रोज वर न्यावी लागणार असेल, तर महिन्याभरात ती सायकल घरी ठेवून पुन्हा बसने जाऊ लागेल, आणि पैसे पाण्यात जातील. पुष्कळ घरांत सायकल निवडतो एक आणि वापरते दुसरीच व्यक्ती, हे तर मोठेच दुर्दैव. जी वापरणार तिनेच ती दुकानात उचलून पाहावी.

बॅटरी काढता येते की नाही, हेही पाहावे. लिथियमची बॅटरी साधारण ३ किलोंची असते. ती वेगळी नेता आली तर ओझे दोन खेपांत विभागते, आणि ती घरात भरताही येते. तितकीच वीज साठविणारी शिशाची बॅटरी १० किलोंहून जड भरते. स्वस्त मिळते म्हणून तिच्या मोहात पडू नये.

भार कोठे आहे, यालाही महत्त्व आहे. मोटार मागच्या चाकात आणि बॅटरीही मागच्या कॅरिअरवर असली, तर पायरी चढविताना पुढचे चाक सहज उचलते, मागचे काही केल्या हलत नाही. स्टँडवर लावतानाही ती कलंडू पाहते. बॅटरी मधल्या दांड्यात असलेली बरी.

वाटेत बॅटरी संपली, तर जादा किलोंपेक्षा मोटारीचा अडथळा अधिक त्रास देतो. काही मोटारी वीज बंद होताच चाकापासून सुटतात, काही चाकाबरोबर फिरत राहून ते ओढून धरतात. म्हणून घेण्यापूर्वी मोटार बंद करून सायकल फर्लांगभर चालवून पाहावी. आणि वजनाचा छापील आकडा बॅटरीसह आहे की बॅटरीविना, ते विचारून घ्यावे.