लोरेलायच्या वळणावरचे दिवे

जर्मनीतल्या ओबरवेझल आणि सांक्ट गोआर या गावांच्या मधे ऱ्हाइन नदी डोंगरांच्या बेचक्यात सापडते आणि एकदम अरुंद होते. लोरेलायचा १३२ मीटर उंच कडा इथलाच. पाण्याला जबरदस्त ओढ आणि पुढचे पात्र वळणाआड दडलेले. याच वाटेने ११० ते १३५ मीटर लांबीची मालवाहू जहाजे रात्रंदिवस ये-जा करतात.

आपल्या घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट देतात. इथे नियम उलटा आहे. प्रवाहाबरोबर उतरणाऱ्या जहाजाला पाणी मागून रेटत असते. वेग फार कमी केला तर सुकाणू पकड सोडते. तेव्हा थांबायचे ते चढणाऱ्याने. पण वळणापलीकडून कोणी येत आहे, हे त्याला कळणार कसे?

पूर्वी त्यासाठी काठावरच्या ठाण्यांत माणसे बसत आणि झेंडे दाखवून चढत्या जहाजांना सावध करत. बिंगेनजवळ नदीतल्या बेटावर उभा असलेला ‘उंदीर मनोरा’ १९७४ पर्यंत जहाजांसाठी इशारे देण्याचे काम करत होता. झेंड्यांच्या जागी लोरेलायच्या टप्प्यात प्रकाशपट्ट्यांचे फलक आले. ओबरवेझलच्या नियंत्रण कक्षातले कर्मचारी राडारवर नदी पाहतात. उतरते जहाज कुठवर आले, लहान आहे की मोठे, हे पट्ट्यांच्या मांडणीवरून चढत्या कप्तानाला समजते. फलक हुकूम देत नाहीत, फक्त बातमी देतात. जहाज कुठे रोखायचे हे कप्तानच ठरवतो. मला या व्यवस्थेचे सगळ्यात मोठे शहाणपण यातच दिसते.

हेच तत्त्व युरोपीय संघाने २००५ च्या निर्देशाने मोठ्या जलमार्गांना लावले. नदी माहिती सेवा हे त्या व्यवस्थेचे नाव. तिच्यात इलेक्ट्रॉनिक नकाशे, कप्तानांसाठीच्या सूचना, मालाची आगाऊ नोंद आणि जहाजांची आपोआप ओळख पटवणारी एआयएस यंत्रणा, असे सगळे येते. ऱ्हाइनवर १ डिसेंबर २०१४ पासून बहुतेक जहाजांना एआयएस सक्तीचे झाले. जहाजाचे नाव, लांबी, जागा, वेग आणि दिशा ही माहिती रेडिओलहरींवरून वारंवार प्रसारित होते, आणि आसपासच्या प्रत्येक कप्तानाला ती आपल्या पडद्यावर दिसते.

त्यातला एक तपशील मला फार आवडतो. दोन जहाजे कोणत्या बाजूने एकमेकांना ओलांडणार, हे ऱ्हाइनवर चढते जहाज ठरवते. नेहमीची बाजू सोडून उजवीकडून उजवीकडे जायचे असेल, तर ते निळा फलक उभा करते आणि त्यावर पांढरा दिवा उघडमीट करतो. समोरचे जहाजही तसाच फलक दाखवून होकार देते. नद्यांसाठीचे एआयएस घडवताना समुद्रावरची यंत्रणा जशीच्या तशी उचलली नाही. फलक उभा आहे की नाही, हेही त्या संदेशात घातले. नदीवरच्या माणसांची जुनी रीत यंत्राने मोडली नाही, शिकून घेतली.

वाहतुकीइतकीच महत्त्वाची खबर पाण्याच्या खोलीची. काउब गावच्या मोजपट्टीवर साऱ्या ऱ्हाइनची नजर असते, कारण त्या टप्प्यात पात्र सर्वांत उथळ आहे. २२ ऑक्टोबर २०१८ रोजी तिथला आकडा २५ सेंटिमीटरवर आला. म्हणजे नदीत वीतभरच पाणी उरले होते असे नव्हे. पट्टीचे शून्य तळाच्या वर असते. पट्टीवर ७८ सेंटिमीटर असताना जहाजांच्या वाटेत १.९० मीटर खोली धरतात. त्या दिवशी ती १.३७ मीटरच्या आसपास होती. जहाजे निम्म्याहून कमी माल घेऊन निघत होती. आज जर्मनीची जलविज्ञान संस्था सहा आठवडे पुढचे अंदाज देते, आणि त्यांवर कारखाने माल कधी हलवायचा ते ठरवतात.

या व्यवस्थेची आंधळी जागाही सांगायलाच हवी. १३ जानेवारी २०११ च्या पहाटे ‘वाल्डहोफ’ हे टँकर जहाज सुमारे २,४०० टन गंधकाम्ल घेऊन लोरेलायजवळ उलटले. दोन खलाशी गेले. कित्येक आठवडे वाहतूक विस्कळीत होती. टाक्या ज्या तऱ्हेने भरल्या होत्या, त्याने जहाजाचा तोल ढासळला होता, असे चौकशीत निघाले. जहाज कुठे आहे हे राडार सांगते, त्याच्या पोटात द्रव कसा हिंदकळतो आहे हे नाही. ते बंदरातच तपासावे लागते.

भारतात जानेवारी २०१६ मध्ये गंगेवर हल्दिया ते फराक्का टप्प्यात नदी माहिती सेवा सुरू झाली. गंगेचा प्रश्न ऱ्हाइनसारखा खडकाळ अरुंदपणाचा नाही, गाळाचा आहे. एका पुरात वाट सरकते आणि नकाशा जुना होतो. २०१६ च्याच कायद्याने गोव्यातल्या मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवे कालवा यांनाही राष्ट्रीय जलमार्ग केले. तिथले तांडेल पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत की पावसाळ्यात आग्वादजवळचा वाळूचा दांडा मांडवीचे तोंड अडवतो आणि खनिजाचे बार्ज कुंभारजुव्यातून जुवारीत न्यावे लागतात. मनोरे आणि पडदे यांच्या आधी इथे पैसा खोली मोजणाऱ्या बोटींवर खर्च व्हावा, आणि त्यांची मोजणी त्याच आठवड्यात तांडेलाच्या हाती पडावी.