मन्याच्या ताटलीत भात नाही

पहाटे पावणेसहा. श्रावणसर नुकतीच येऊन गेली आहे, पागोळ्या अजून गळतायत. मन्या पडवीच्या उंबऱ्यावर बसून माझी वाट बघतो. ओरडत नाही. जानेवारीत हाच बोका रात्रभर ओरडायचा. पाण्याचं भांडं रिकामं करायचा आणि पुन्हा भांड्यापाशी जाऊन बसायचा. खाणं दुप्पट झालं होतं, तरी पाठीचे मणके हाताला लागत होते. मागचे पाय टाचांपर्यंत टेकवून चालायचा आणि अंगणाच्या गडग्यावर त्याला उडी मारता येईना. कळलं ते मुंग्यांमुळे. त्याच्या वाळूच्या घमेल्याकडे मुंग्यांची रांग लागलेली आईंनी पाहिली. आई म्हणजे माझ्या सासूबाई. "अगो, ह्याच्या लघवीतून साखर जातेय," म्हणाल्या. दवाखान्यात रक्तातली साखर ४१२ निघाली. निरोगी मांजराची ८० ते १२०च्या आसपास असते. पण मांजर घाबरलं तर नुसत्या भीतीनेही आकडा खूप चढतो, म्हणून डॉक्टरांनी लघवी तपासली, लक्षणं विचारली आणि मगच मधुमेह म्हटलं.

साडेसहा. कान तळव्यात धरून ऊब द्यायची, कडेच्या बारीक शिरेशी सुई टोचायची, थेंब पट्टीला लावायचा. आज १७४. माणसांसाठीचं यंत्र मांजराचं रक्त थोडं कमी दाखवतं. म्हणून दवाखान्यातला आकडा आणि आमचा आकडा शेजारी शेजारी ठेवून फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे. मुंबईत परळला प्राण्यांसाठी मोठं, जुनं रुग्णालय आहे, पण दर आठवड्याला रत्नागिरीहून तिथे कोण जाणार? ही वही आणि हे यंत्र हाच आमचा आधार.

आधी ताटली, मग इन्सुलिन. ताटलीतलं निम्मं तरी पोटात गेल्याशिवाय सुई नाही. आपल्याकडे इन्सुलिन ४० युनिटचंही मिळतं आणि १०० युनिटचंही. चाळीसच्या सिरिंजला लाल टोपण, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पटीने चुकते. म्हणून दिवा लावून टोपणाचा रंग बघते, बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाचते. एक युनिट. मानेजवळची सैल कातडी चिमटीत धरली की त्याला कळतही नाही.

साडेसात. घरात श्रावण आहे. आई महिनाभर मासळीला शिवत नाहीत, कांदा-लसूणही बंद. आणि मन्याला मांसच हवं. मांजराच्या लाळेत पिष्ट पचवायचा रस नसतो, यकृतही एकदम आलेली साखर झटपट आवरत नाही. ते शरीर प्रथिनांतून आपली साखर हळूहळू करून घेतं. आणि आम्ही त्याला दहा वर्षं काय घातलं? भात. दूधभात, आमटीभात, माशाचं डोकं कुस्करून वर भात. आईंच्या लेखी भाताशिवाय जेवण म्हणजे उपासच. पहिले काही दिवस मी शाळेत गेले की त्या गुपचूप मूठभर भात कालवायच्या. मला ते कळायचं संध्याकाळच्या आकड्यावरून. एकदा वही त्यांच्यासमोर धरली. भाताच्या दिवशी ३३०, त्याआधीच्या दिवशी २१०. त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी माझ्या आधी उठून त्यांनीच कोंबडी शिजत घातली होती.

आता पडवीत वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. अंघोळ करून देवपूजा होईपर्यंत त्या तिकडे फिरकत नाहीत. पूजा झाली की पदर खोचतात आणि मन्याचं मांस स्वतः तोडतात. दिवसाला साधारण १२० ग्रॅम, दोन वेळांना मिळून, तराजूवर तोलून. त्यात कोंबडीचं थोडं हृदय, कारण टॉरीन नावाचं द्रव्य मांजराला स्वतःपुरतं तयार करता येत नाही आणि ते हृदयात भरपूर असतं. टॉरीन शिजवलेल्या पाण्यात उतरतं, म्हणून पाणी फेकायचं नाही, तेच वर ओतायचं. नुसत्या मांसात कॅल्शियम पुरेसं नसतं. त्याची पूड डॉक्टरांनी मोजून दिली आहे.

साडेबारा. शाळेतून मी घरी फोन लावते. सकाळच्या सुईचा जोर साधारण याच सुमाराला सर्वात जास्त असतो. "आई, चालतोय कसा?" "सरळ चालतोय गो. आत्ताच गडग्यावर गेला." एवढं ऐकलं की मी वर्गात जाते.

हा फोन मार्चपासून सुरू झाला. भात एका दिवसात बंद केला आणि इन्सुलिन तेवढंच ठेवलं, दोन युनिट. तिसऱ्या दुपारी तो दारूड्यासारखा झोकांड्या खात आला आणि आडवा झाला. साखर ४६. हिरड्यांना मध चोळला, बोटाने पुन्हा पुन्हा, वीस मिनिटांनी त्याने डोकं उचललं. चूक माझीच होती. आहार बदलला की इन्सुलिनची गरज भराभर उतरते, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी पुढे गेले. त्या दिवशी मात्रा निम्म्यावर आली. त्या दुपारची आठवण झाली की अजून पोटात गोळा येतो.

मधल्या सुट्टीनंतर. सातवीला शेकडेवारी चालू आहे. मी फळ्यावर मांजराच्या खाण्याचं पुडकं मांडते. कोरड्या दाण्यांवर पिष्टाचा आकडा सहसा छापत नाहीत, तो वजाबाकीने काढावा लागतो. समजा, प्रथिनं ३०, चरबी १०, पाणी १०, तंतू ४, राख ८. शंभरातून वजा करा. उरले ३८. त्या खाण्यातली चाळीसेक टक्के ऊर्जा पिष्टातून येते. मधुमेही मांजराला ती दहा-बारा टक्क्यांच्या आत हवी. मग ओल्या पाऊचचं उदाहरण: पाणी ८२, प्रथिनं ११, चरबी ४, तंतू १, राख २. "बाई, काहीच उरत नाही!" मागच्या बाकावरून आवाज येतो. असं पाऊच हाती लागलं तर चालेल. घट्ट रस्सा असलेल्या पाऊचमध्ये मात्र बरेचदा पीठ घातलेलं असतं.

साडेपाच. मासळीबाजारात शुकशुकाट. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, ती उठली तरी समुद्र खवळलेला. नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय मिरकरवाडा बंदरातून पुरेशा होड्या निघायच्या नाहीत. मावशी सुकट पुढे करते. "घे गो, बोक्याला आवडंल." आवडेल, पण मीठ फार. मी चार तारल्या घेते. त्या शिजवूनच द्यायच्या. कच्च्या तारल्या रोज दिल्या तर त्यांच्यातलं एक द्रव्य ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. नुसत्या माशावरही मांजर ठेवायचं नसतं.

साडेसहा. बरोबर बारा तास. आकडा १५१. मला दोनदा बघावासा वाटला. मांजरांत मधुमेह लवकर सापडला, पिष्ट कमी केलं आणि इन्सुलिन वेळेवर दिलं, तर काहींचं इन्सुलिन पुढे पूर्ण सुटतं. आमचं सुटेल का, हे डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. मात्रा मनाने कमी करायची नाही, एवढं ठरलेलं आहे.

रात्री दहा. वीज गेली आहे. इन्सुलिन फ्रिजमध्ये, दार उघडायचं नाही. मेणबत्तीच्या उजेडात वाळूचं घमेलं तपासते. ओले गोळे चार. जानेवारीत अकरा असायचे. पाण्याचं भांडं तीन चतुर्थांश भरलेलं. वहीत सगळं उतरवते. आई जपाची माळ ठेवून माजघरातून विचारतात, "उद्याला काय काढून ठेवू, अंडं की कोंबडी?"

"कोंबडी," मी सांगते. "आणि हृदयं दोनच उरलीत."

"मग सकाळी मीच आणते," त्या म्हणतात.