गाडी चालवताना फोन : दंड किती आणि तो पडतो कोणावर?



गळीत हंगाम तोंडावर आला आहे. वाहतुकीचे करार होत आले, टोळ्याही आता येऊ लागतील. दरवर्षी या अंकात मी लागणीच्या तारखा, खोडवा, पाचट अशा विषयांवर लिहितो. यंदा विषय वेगळा आहे. गाडी चालवताना मोबाईलवर बोलणे आणि त्याची कायद्यातील शिक्षा. हे काम पोलीस खात्याचे, ऊस विकास अधिकाऱ्याने त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. म्हणून आधी एक हकिगत सांगतो.

गेल्या हंगामातली गोष्ट. रात्री दीडचा सुमार. यार्डात गाड्या कमी पडल्या होत्या आणि गव्हाण मोकळी चालेल की काय अशी वेळ आली होती. मी एका ट्रॅक्टर ड्रायव्हरला फोन लावला. "कुठवर आलास रे?" तो म्हणाला, "आलोच साहेब, ओढ्याच्या..." पुढे नुसता लोखंडाचा आवाज. मागची ट्रॉली साईडपट्टीवरून घसरून चारीत कलंडली होती. ड्रायव्हरचे मनगट मोडले. ऊस रस्त्यावर पसरला, तो गोळा करायला सकाळचे दहा वाजले. टोळीची माणसे त्या खेपेला उसावर बसलेली नव्हती, एवढेच नशीब. फोन उचलला ही त्याची चूक खरी. पण केला कोणी? मी.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्यात २०१९ साली मोठी दुरुस्ती झाली व दंडाची कलमे १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आली. आपल्या राज्याने वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. कलम १८४ हे धोकादायक रीतीने वाहन चालविण्याचे कलम आहे. हातात धरून फोन वापरणे ही गोष्ट या दुरुस्तीने त्या कलमात नाव घेऊन घातली. पहिल्या वेळेस एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडला तर दहा हजार रुपये दंड, किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. फोनपुरते हे प्रकरण शासनाने ठरविलेले तडजोड शुल्क भरून मिटवता येते, म्हणून बहुतेकांना फक्त पावतीच माहीत असते. ई-चलन झाले तर निरोप गाडीच्या नोंदणीत जो मोबाईल नंबर आहे त्यावर जातो. ड्रायव्हरला पत्ताही नसतो आणि मालकाच्या नावावर रक्कम साठत राहते. आपला जुना नंबर नोंदणीत राहिला असेल तर तो बदलून घ्यावा.

ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे रस्ता पाहण्यासाठी फोन वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. अर्थात कारखान्याचा रस्ता आपल्या ड्रायव्हरला नकाशात शोधावा लागत नाही.

"दोन-चार हजार ना, भरू की," असे वाहतूकदार म्हणतात. त्यांनी पुढचे नीट वाचावे. केंद्रीय मोटार वाहन नियमातील नियम २१ प्रमाणे वाहन चालवताना मोबाईल वापरणे हे लायसन निलंबित करण्याचे एक कारण आहे. २०१५ साली सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीने सर्व राज्यांना कळविले की अशा प्रकरणी लायसन कमीत कमी तीन महिने निलंबित करावे. आता हिशेब करा. आपला हंगाम चालतो किती? तीन-साडेतीन महिने, फार तर चार. डिसेंबरात लायसन गेले तर ते परत येईपर्यंत पट्टा पडायची वेळ होते. टोळीला दिलेली उचल अंगावर, ट्रॅक्टरचा हप्ता अंगावर आणि गाडी दारात उभी. पावतीवरचा आकडा यापुढे काहीच नाही.

लायसन निलंबित असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली दहा हजार रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि बदली ड्रायव्हर म्हणून घरातला सतरा वर्षांचा पोरगा बसवलात तर कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. हे मुद्दाम लिहितो, कारण असे पोरगे मी दर हंगामात काट्यावर पाहतो.

माणूस दगावला तर प्रकरण या कायद्यात राहत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पूर्वीच्या दंड संहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती.

मोटारसायकलवर मान वाकडी करून खांदा व कान यांच्यात फोन धरणाऱ्या सभासदांनाही हेच कलम लागू आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात साधारण साडेसोळा मीटर जाते. फोनवर कोणाचे नाव आले ते पाहायला पाच सेकंद लागले तर ८० मीटरांहून जास्त अंतर आंधळेपणाने कापले. तेवढ्यात पुढे उसाची ट्रॉली उभी असेल तर? ट्रॅक्टर सावकाश चालतो हे खरे, पण मागे दोन भरलेल्या ट्रॉल्या असतात आणि ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसला तर सगळा भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. कानात वायर घालून बोलणे सुरक्षित, हाही गैरसमज आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका सुमारे चौपट असतो आणि हात मोकळे ठेवणारी साधने वापरूनही तो फारसा कमी होत नाही. हात मोकळे राहतात, लक्ष राहत नाही. शिवाय ट्रॅक्टरवर टेप लावलेला असला तर मागचा हॉर्न ऐकू येणार कसा, हा वेगळाच प्रश्न.

बैलगाडीला मोटार वाहन कायद्यातला हा दंड नाही. बैल वाट चुकत नाहीत, पण गाडीवान फोनमध्ये गुंतला की गाडी हळूहळू रस्त्याच्या मध्यावर येते. समोरच्या ट्रकला ती दिसेलच असे नाही.

आता मूळ मुद्दा. ड्रायव्हरला फोन कोण करते? शेतकी खाते करते, मुकादम करतो आणि सभासदही करतात. आमच्या गटातले एक आण्णा मला म्हणाले, "साहेब, ऊस तोडून दोन दिवस फडात पडलाय, वजन घटतंय. ड्रायव्हरला फोन नको करू तर कोणाला करू?" त्यांचे म्हणणे चूक नाही. तोडलेला ऊस वाळतो, वजन जाते, उताराही उतरतो. पण चालत्या ड्रायव्हरला फोन केल्याने खेप लवकर येत नाही.

सबब यंदा शेतकी खात्याने असे ठरविले आहे. खाते भरलेल्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन करणार नाही. गाडी फडातून निघाली की स्लीपबॉय गट ऑफिसला वेळ कळवील व यार्डात आल्यावर टोकन देणारा कळवील. सभासदांनी चौकशी गट ऑफिसलाच करावी. रात्रपाळीला तेथे माणूस राहील. तोडणीच्या स्लिपवर गट ऑफिसचा नंबर छापला आहे, ड्रायव्हरचा नंबर काढून टाकला आहे. रात्री माणूस फोन उचलत नसेल तर मला सांगावे, मी त्याच्याकडे पाहीन.

ड्रायव्हरला अगदी निकडीचे बोलायचे असेल तर गाडी डांबरीवरून पूर्ण खाली घेऊन, पार्किंग लाईट लावून बोलावे. रस्त्यातच उभी केलेली ट्रॉली फोनपेक्षाही वाईट. मागच्या बाजूला लावायची लाल चमकपट्टी गट ऑफिसात आली आहे. करार केलेल्या प्रत्येक वाहतूकदाराने ती पहिल्या खेपेआधी लावून घ्यावी, पट्टीशिवाय टोकन मिळणार नाही.

त्या ड्रायव्हरचे मनगट बरे झाले आहे. यंदाही त्याचा करार आपल्याकडेच आहे.

- ऊस विकास अधिकारी