शिवनीबांधच्या पाण्यावर एक दिवस

मैत्रिणींनो, घरातून एक दिवस बाहेर पडायचे ठरले की आपण बायका आधी काय करतो? मागे राहणाऱ्यांचा स्वयंपाक करतो! आमच्या भिशीतल्या आम्ही पाचजणींनी डिसेंबरात तलावावर जायचे ठरवले, तेव्हा आदल्या रात्री पाचही घरांतून वरणाच्या शिट्ट्या वाजत होत्या. मी तर पोळ्या मोजून कापडात गुंडाळल्या, भाजीवर चिठ्ठी लावली आणि सासूबाईंच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, तू एक दिवस चाललीस की एक वर्ष?"

खरं सांगू का, ती सगळी धावपळ निघण्याची नव्हती. न जाण्याचे काही निमित्त सापडते का, ते मी शोधत होते.

कारण मला नावेची भीती वाटते. बारा वर्षांपूर्वी आम्ही सगळे कुटुंबीय एका जलाशयावर गेलो होतो. (कुठल्या ते सोडा.) सहा माणसांची नाव आणि बसलो अकराजण. लेकरे मांडीवर. जाकीट कोणाच्याच अंगात नव्हते. पाण्यात काहीही झाले नाही, उलट फार मजा आली. झाले ते काठाशी आल्यावर. काठ दिसताच सगळे एकदम उठले, एकाच बाजूला झाले, नाव कलली आणि माझी सहा वर्षांची मुलगी पाण्यात गेली. नावाड्याने तिला केसांना धरून वर ओढले. सगळे मिळून अर्धे मिनिटसुद्धा झाले नसेल. पण त्यानंतर मी तिला शाळेच्या सहलीतही कधी पाण्याकडे जाऊ दिले नाही. आता ती नागपूरला वसतिगृहात राहते, कॉलेजात जाते. भोपाळच्या मोठ्या तलावावर शिडाच्या नावा चालवायला शिकवतात, तिथे मैत्रिणींबरोबर जायचे तिच्या मनात आहे. मी नाही म्हटले. त्यावर ती फोनवर म्हणाली, "आई, तू आधी एकदा नावेत बस. मग नाही म्हण."

लेकी मोठ्या झाल्या की अशा बोलतात, तुम्हाला सांगायला नकोच.

तर सकाळी सातला आम्ही भंडाऱ्याहून निघालो. लाखनी मागे टाकले, साकोली आली आणि तिथून आत वळून शिवनीबांध. वाटेत दोन्हीकडे धानाच्या बांध्या, कापणी झालेल्या. या मोकळ्या बांध्यांत नशिबाने सारसाची जोडी दिसते. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडे, तेही बोटांवर मोजण्याइतके. आम्हाला दिसली नाही. साकोलीला थांबून सगळ्यांनी 'ते' काम उरकून घेतले. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण तलावाच्या काठी बायकांची सोय असेलच असे नाही, आणि त्या भीतीने आपण सकाळपासून पाणी पीत नाही. मग उन्हात डोके धरते. पाणी प्या, फक्त वाटेत थांबण्याचे ठिकाण आधी ठरवा.

आमचा जिल्हा तलावांचा, हे तुम्ही ऐकले असेल. पण हे तलाव आपोआप झालेले नाहीत हे मलाही लग्न होऊन इकडे आल्यावर कळले. गोंड राजांच्या काळापासून इथे माणसांनी पाळी घालून पाणी अडवले. त्यात कोहळी समाजाची मंडळी फार वाकबगार. उतार कुठला, पाळ किती वळवायची, जादा पाणी सांडव्यातून कुठे काढायचे हे त्यांना नुसत्या नजरेने कळे, असे म्हणतात. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. तो पूर्वी आमच्याच जिल्ह्यात होता, १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेला. गावोगावचे लहान तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते म्हणून त्यांना अजूनही 'मामा तलाव' म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी १९५१ साली गेली, नाव मात्र राहिले. मी आधी समजायची, कोणाच्या तरी मामाने बांधला असेल!

काठावर पोचलो तेव्हा पाण्यावरून धुके उठत होते. लांबवर वारकरी पक्ष्यांचे काळे ठिपके दिसत होते, जवळच्या कमळाच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटे टाकत चालला होता. आमच्यातली एक शाळेत विज्ञान शिकवते, तिने दुर्बीण आणली होती. हिवाळ्यात थंड मुलुखातून बदके इकडे येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतात म्हणे. "आणि आपल्याला साकोली ओलांडायला चार महिने लागले," ती म्हणाली.

नाव ओळखीतल्या एका ढिवर काकांची. मासेमारीचीच, सपाट बुडाची, मागे उभे राहून बांबूने ढकलायची आणि खोल पाण्यात वल्ह्याने. काकांनी आम्हा पाचजणींकडे पाहिले, नावेकडे पाहिले आणि म्हणाले, "चारजनी बसा. एक काठावर राहीन." आमच्यातली एक म्हणाली, "बसू हो काका, सरकून." ते हलले नाहीत. "माणूस सरकते बाई, वजन नाही सरकत."

मी लगेच म्हटले, "मी राहते, पिशव्या सांभाळते." मनातून केवढी सुटले!

जाकिटे आम्ही चार आणली होती, दोन विकत घेतलेली आणि दोन मागून आणलेली. ती घालण्याची रीत लक्षात ठेवा. नुसते गळ्यात अडकवून पुढून मोकळे ठेवले तर पाण्यात ते वर निघून जाते आणि माणूस खाली राहतो. सगळे पट्टे आवळायचे आणि मग दुसरीने खांद्याला धरून जोरात वर ओढून पाहायचे. हनुवटीपर्यंत वर आले तर ते सैल आहे. लेकरांना मोठ्यांचे जाकीट कधीच चालत नाही, त्यांच्या मापाचेच हवे. दोघी साडीत होत्या, त्यांनी निऱ्या वर खोचून पदर कमरेला घट्ट बांधला. मी म्हणेन, त्या दिवशी सलवार-कुडता बरा. ओढणी मात्र गळ्यात नको.

आणि एक गोष्ट आमच्या चुकीची. नाव निघाल्यावर माझ्या ध्यानात आले की चार बायकांच्या अंगात जाकिटे होती आणि काकांच्या अंगात नुसता सदरा. पाचवे आणायचे आमच्यातल्या एकीलाही सुचले नाही. पोहता येते म्हणून नावाडी बुडत नाही, असे थोडेच आहे?

काठावर काकांच्या घरच्या शिंगाडे निवडत बसल्या होत्या. तलावातले शिंगाडे, हिरवे वेगळे आणि उकडायचे वेगळे. त्यांनी मला एक ओंजळ दिली आणि विचारले, "तुम्ही नाही गेल्या?" मी म्हटले, भीती वाटते. त्यांना हसू नाही आले. म्हणाल्या, "मले बी वाटते. मी रोज जातो पान्यात, तरी वाटते. भेव असलं म्हनून तर हात जपून पडते."

मैत्रिणींनो, आपल्याला नाव म्हणजे सहल. वैनगंगेच्या काठच्या कितीतरी बायांना नाव म्हणजे कामाचा रस्ता. २३ जानेवारी २०२४ला गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ, मिरची तोडायला पलीकडे जाणाऱ्या मजूर बायांची नाव वैनगंगेत उलटली आणि सहाजणी बुडाल्या. मौजेतही तेच होते. ९ जुलै २०१७ला नागपूरजवळच्या वेणा जलाशयात मोबाइलवर चित्रण करत हसणाऱ्या तरुणांची नाव उलटली, आठजण गेले. मजुरीला निघालेल्यांना निवड नसते. आपल्याला असते, म्हणून आपण तरी ती नीट करावी.

त्या बाईंशी बोलता बोलता शालू कोल्हे यांचा विषय निघाला. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या या ढिवर बाईंनी गावच्या बाया गोळा केल्या. तलावात माजलेली बेशरम उपटली, माशांना लागणाऱ्या मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तलाव निवळला, मासळी परत आली. आपण स्वयंपाकघरातला ओटा घासतो ना, तसा त्यांनी अख्खा तलाव घासला म्हणा.

तासाभराने नाव परतली. चौघी लाल झालेल्या, उन्हाने आणि हसण्याने. उतरताना मी श्वास रोखून पाहत होते. काकांनी नाव चिखलात नीट रुतवली आणि दटावले, "मी सांगन तवाच उठजा. एक एक." पहिली उतरली, काठावर पोचली, मग दुसरीला उठू दिले. एवढेच! बारा वर्षांपूर्वी एवढेच कोणी सांगितले असते तर?

मग जेवण. भाकरी, तिळाची चटणी, चिन्नोरचा दहीभात आणि लाखोरीच्या डाळीचे वडे. डाळ रात्री भिजवायची, ते पाणी फेकून द्यायचे, जाडसर वाटायची, कांदा, हिरवी मिरची, भरपूर सांभार घालून हातावर चपटे थापून तळायचे. पूर्वी जवसाच्या तेलात तळत, तो वासच वेगळा. ही डाळ रोजच्या रोज खाल्ली तर पायांवर परिणाम होतो, तेव्हा सणासुदीपुरतीच बरी. काकांना आणि त्यांच्या घरच्यांना पान वाढले. काका आधी नको म्हणाले आणि मग सहा वडे खाल्ले.

जेवणानंतर शाळेतली म्हणाली, "आता मी पिशव्या सांभाळते." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. निमित्त उरले नव्हते. तिने माझे पट्टे आवळले आणि खांद्याला धरून असे ओढले की मी ओरडलेच.

पहिली दहा मिनिटे मी नावेच्या काठाखेरीज काही पाहिले नाही. बोटे पांढरी पडली होती. काका मागून म्हणाले, "बाई, काठ नका धरू, खाली बसा. बुडाशी." फळीवरून उतरून मी बुडाशी मांडी घातली आणि काय आश्चर्य, नाव डुलायची थांबली! डुलत होते ते माझेच अंग. वजन जितके खाली तितकी नाव शांत, हे तेव्हा समजले. मग हळूच पाण्यात हात बुडवला. थंडगार. मागे पाळ लहान झाली, पाण्यावर ढगांच्या सावल्या सरकत होत्या आणि पाच मिनिटे आम्ही चौघी गप्प होतो. आमची भिशी पाच मिनिटे गप्प, यावर घरी कोणाचा विश्वास बसला नाही.

दुपारकडे वारा उठायला लागला, तसे काकांनी नाव वळवली. वारा नेमका पाठीमागून होता. आमच्यातल्या पोस्टातल्या बाईंना काय सुचले, बसायला आणलेली चादर उचलून म्हणाल्या, "काका, शीड लावू?" मला वाटले रागावतील. ते म्हणाले, "लावा, पन बसूनच. अन् बांधू नका काही, हातात धरा. मी सोडा म्हटलं की सोडजा."

दोघींनी वरची टोके धरली, मी आणि पोस्टवाल्या बाईंनी खालची. क्षणभर काही नाही. मग चादर फुगली, हाताला ओढ बसली, आणि वल्हे वर उचललेले असताना नाव आपली आपण निघाली. नाकाशी पाणी चुळचुळ वाजायला लागले. "आपली तारिणी!" एकजण ओरडली. नौदलाच्या सहा मुली 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्या, वर्तिका जोशी त्यांच्या प्रमुख. नंतर त्याच नौकेतून दिलना आणि रूपा या दोघींनी २०२४-२५ साली, दोघीच्या दोघी. आमची प्रदक्षिणा पाळीपर्यंतची, सोलापुरी चादरीची.

मध्येच वाऱ्याचा झोत आला, नाव किंचित कलली. पोटात तोच जुना गोळा. "सोडा!" काका म्हणाले. आम्ही सोडले, चादर मांडीत पडली आणि नाव सरळ झाली. ती बांधलेली असती तर काय झाले असते, ते मला कोणी समजावून सांगायला लागले नाही.

काठावर उतरताना माझी पाळी शेवटची. मी बसून राहिले, काका म्हणेपर्यंत.

संध्याकाळी घरी आले तर पोळ्या तशाच, यांनी सासूबाईंसाठी खिचडी केली होती. हळद जरा जास्तच. पुढच्या वेळेसाठी सहा जाकिटांची यादी मी वहीत लिहिली, सहावे काकांच्या मापाचे. मग नागपूरला फोन लावला.

"बसलीस?" मुलीने विचारले.

"बसले. भोपाळला कधी जायचं म्हणतेस? आणि ऐक, जाकीट स्वतःच्या मापाचं घे. पट्टे आवळले की मैत्रिणीला खांद्याला धरून ओढायला सांग, जोरात."

"आई, आणखी काही?"

"काठ आला की उठायचं नाही. सांगतील तेव्हाच."