घाम भरून निघतो, पण दात झिजतात! खेळाडूंच्या बाटलीत नेमकं काय असतं?

भोपाळ : इथलं टीटी नगर म्हणजे तात्या टोपे नगर. येवल्यात जन्मलेल्या तात्यांच्या नावाच्या या भागातल्या स्टेडियमवर मध्य प्रदेश सरकारच्या क्रीडा अकादम्या आहेत. हॉकीचं तर हे शहर जुनं माहेरघर. बैतुल, छिंदवाडा, बऱ्हाणपूरपासून अमरावतीपर्यंत मैदानावर घाम गाळणाऱ्या पोरांच्या हातात आता रंगीत स्पोर्ट्स ड्रिंकची बाटली दिसते. थकवा जातो हे खरं. पण दातांचं काय?

दात झिजतात कसे?

दातावरचं कवच म्हणजे इनॅमल. तोंडातला पीएच साधारण 5.5 च्या खाली गेला की ते विरघळायला लागतं. बहुतेक स्पोर्ट्स ड्रिंकचा पीएच 3 ते 4 च्या आसपास असतो, कारण चवीसाठी आणि टिकण्यासाठी त्यात सायट्रिक आम्ल घालतात. त्यामुळे 'शुगर फ्री' बाटलीनेही झीज होऊ शकते. साखरेचं पेय असेल तर किडीचा धोका वेगळाच. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असू शकते.

एरवी लाळ हे आम्ल धुऊन काढते. पण धावताना तोंडाने श्वास घेतला जातो, अंगातलं पाणी कमी होतं आणि लाळ आटते. त्यात दर पाच मिनिटांनी एक घोट! दातांना सावरायला वेळच मिळत नाही. गेलेलं इनॅमल पुन्हा उगवत नाही. मग गार पाणी झोंबतं, दातांच्या कडा पातळ आणि पिवळसर दिसू लागतात.

ऑलिंपिकमध्येही हेच

2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या दंत क्लिनिकमध्ये आलेल्या 302 जणांची तपासणी झाली. 55 टक्के खेळाडूंचे दात किडलेले होते, तर 45 टक्क्यांच्या दातांची झीज झालेली होती. दातांमुळे सरावावर किंवा खेळावर परिणाम झाला, असं 18 टक्क्यांनी सांगितलं. सगळा दोष एकट्या पेयांचा नाही. आहार आणि दातांची निगा हेही आलंच.

मग प्यायचं काय?

- तासाभराच्या आतल्या सरावाला साधं पाणी पुरतं.
- सराव लांबला किंवा ऊन कडक असेल तर मीठ-साखरेची गरज पडते. तेव्हा स्पोर्ट्स ड्रिंक प्या, पण थोडं-थोडं चघळत बसू नका. वर पाण्याने चूळ भरा.
- लिंबू सरबत 'घरचं' असलं तरी आंबटच. त्यालाही हाच नियम.
- सरावानंतर दूध किंवा ताक चांगलं. ताक आंबट असतं, पण त्यातलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांना सांभाळतं.
- हॉकीपटू, बॉक्सर यांनी माउथगार्ड लावून असं पेय पिऊ नये. आम्ल आत अडकून राहतं.
- पेय प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका. मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं. निदान अर्धा तास थांबा आणि फ्लोराइडची पेस्ट वापरा.

चक्कर, उलट्या किंवा उन्हाचा झटका असेल तर मात्र दातांचा विचार नंतर. आधी शरीरातलं पाणी भरून काढा आणि डॉक्टर गाठा. एरवी पोरांच्या बुटांवर, स्टिकवर हजारो रुपये खर्च करणाऱ्या आईवडिलांनी सहा महिन्यांतून एकदा त्यांचे दातही दाखवून आणावेत. बूट नवे मिळतात, इनॅमल मिळत नाही.