हा वास येतोय तरी कुठून?

मे महिन्याची सुट्टी संपवून माहेराहून परतलेल्या आमच्या एका मैत्रिणीने घराचे कुलूप उघडले मात्र, कुजकट वासाचा भपकारा नाकात शिरला. उंदीर मेला असणार, असे धरून तिने दोन दिवस घर पालथे घातले. माळ्यावरची भांडी खाली आली, दिवाण सरकला, नवऱ्याला बॅटरी देऊन कपाटामागे पिटाळले. उंदीर काही सापडला नाही. मग उदबत्त्या झाल्या, धूप झाला, सुगंधी फवारा झाला. नुसत्या गटारापेक्षा गुलाबात मिसळलेले गटार जास्त असह्य असते, एवढे मात्र कळले. तिसऱ्या दिवशी कामवाल्या बाईंनी पाहुण्यांच्या बाथरूममध्ये दोन बादल्या पाणी ओतले आणि संध्याकाळपर्यंत वास नाहीसा!

गंमत वाटली तरी कारण साधे आहे. मोरीच्या जाळीखाली पाणी अडून राहील अशी जागा असते. प्लंबर तिला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. तिथे साचलेले जेमतेम दोन इंच पाणी हेच गटार आणि घर यांच्यामधले झाकण. बाथरूम महिनाभर वापरले नाही की उन्हाळ्यात हे पाणी आटते. वर एक्झॉस्ट पंखा लावला, तर तो गटारातली हवा घरात ओढून घेतो! म्हणून न वापरलेल्या मोरीत, बेसिनमध्ये आठवड्याला तांब्याभर पाणी ओतावे. गावाला जाताना त्यावर चमचाभर खाण्याचे तेल सोडले, तर पाणी लवकर आटत नाही.

वास शोधायला निघताना आधी उदबत्ती विझवा. आपले नाक काही मिनिटांतच वासाला सरावते, म्हणून सतत हुंगत फिरण्यात अर्थ नसतो. रात्री प्रत्येक खोलीचे दार बंद ठेवा. सकाळी थोडे बाहेर फिरून या आणि एकेक दार उघडून पहिला श्वास घ्या. जिथे वास उग्र, तिथे पंखा बंद करून खाली वाका, कोपरे हुंगा. लाजू नका, कुणी पाहत नाही!

स्वयंपाकघरात पहिला संशय बटाट्यांच्या टोपलीवर घ्यावा. तळाशी सडलेला एकच बटाटा मेलेल्या उंदराला मागे टाकतो. त्यानंतर फ्रिजमागचा पाणी साठण्याचा ट्रे. तो शेवटचा कधी धुतला, हे बहुतेक घरांत कुणालाच सांगता येणार नाही. पावसाळ्यात कपाटातून कुबट वास आला, तर कपाट भिंतीपासून सरकवून ओल पाहा. डांबराच्या गोळ्यांनी बुरशी जात नाही, फक्त झाकते.

दोन वास मात्र असे आहेत, की त्यांचा माग काढत बसू नये. शाकाहारी घरात मासळीसारखा किंवा प्लॅस्टिक जळल्यासारखा वास आला, तर एखादा प्लग, होल्डर किंवा वायर आत तापत असू शकते. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दुसरा वास गॅसचा. सिलिंडरमधल्या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. कुजलेल्या कोबीसारखा तो दर्प मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा असतो. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला गॅस जमिनीखाली साचून स्फोट झाला आणि सुमारे तीनशे विद्यार्थी-शिक्षक दगावले. त्यानंतर तिथे गॅसला वास देणे सक्तीचे झाले. तेव्हा हा वास आला की दिवा, पंखा लावू नका आणि चालू असेल तर बंदही करू नका, कारण बटणाची ठिणगी पुरते. शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि मग १९०६ क्रमांकावर फोन करा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. पाइपने येणारा गॅस हलका, तो वर चढतो.

आता पुन्हा त्या मैत्रिणीकडे. घरभर शोधाशोध चालली असताना तिच्या सासूबाई एकसारख्या म्हणत होत्या, “मला तर बाई कसलाच वास येत नाही!” सगळे हसले. वास सापडल्यावर मात्र मैत्रिणीचे हसू मावळले. वयाबरोबर नाक मंदावते आणि सासूबाई तर रोज दुपारी घरात एकट्या असतात, स्वतःचा चहा स्वतः करतात. त्याच आठवड्यात तिने गॅसगळती ओळखणारे यंत्र आणून सिलिंडरजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावून घेतले. महिन्यातून एकदा ती बटण दाबून ते तपासते. ते कर्कश वाजले, की आतल्या खोलीतून आवाज येतो, “ऐकू येतंय गं, बंद कर आता!”